‘अर्धसंवाहक’ : एका संज्ञेचा अर्थ आणि उपयोग

शास्त्रीय संज्ञा हे वस्तूचे नाव असते, तिची व्याख्या नव्हे, हे परिभाषेच्या चर्चेत सर्वमान्य झालेले तत्त्व होय. तथापि प्रत्यक्ष अध्यापनात व ग्रंथलेखनात या तत्त्वाचा वारंवार विसर पडतो, आणि नावाच्या घटकपदांवरूनच वस्तूची व्याख्या बनविण्याचा मोह अनावर होतो. ‘सेमीकंडक्टर’ या संज्ञेला मराठीत जे पर्याय रूढ झाले, त्यांच्या बाबतीत हे विशेष प्रकर्षाने घडले आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून ‘अर्धवाहक’ हा शब्द परिचित आहे. मराठी विश्वकोशाने ‘अर्धसंवाहक’ हा शब्द स्वीकारला आहे. वृत्तपत्रांतून अलीकडे मूळ इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहिला जातो. शब्द कोणताही घेतला तरी त्याच्याबरोबर येणारी व्याख्या मात्र बहुधा एकच असते : ज्या पदार्थाची विद्युत् संवाहकता संवाहकाहून कमी आणि निरोधकाहून अधिक, तो अर्धसंवाहक.

ही व्याख्या सुबोध आहे, लक्षात ठेवण्यास सोपी आहे, आणि ती अपुरी आहे. ‘अर्ध’ हे पद परिमाणाचा निर्देश करते. संकल्पना मात्र पदार्थाच्या स्वभावाची आहे. या दोहोंतील विसंवाद कोठून उत्पन्न झाला, तो कितपत बाधक आहे आणि मराठीत त्याचा परिहार कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. संज्ञेचा पूर्वेतिहास

विद्युत् एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहून नेता येते आणि काही पदार्थ तिला वाट देतात तर काही देत नाहीत, हे स्टीफन ग्रे यांनी १७२९ मध्ये इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. त्यानंतर देझाग्युलिये यांनी विद्युत् वाहून नेणाऱ्या पदार्थांना ‘कंडक्टर’ ही संज्ञा वापरात आणली. पदार्थमात्राचे हे द्विदल विभाजन फार काळ पुरेसे ठरले नाही. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या आपल्या निबंधात संगमरवरासारख्या पदार्थांच्या संदर्भात ‘अर्धे वाहणारे’ अशा अर्थाचे विशेषण योजिले. विद्युत्‌भारित वस्तू धातूला टेकविली तर भार तत्काळ निघून जातो, काचेला टेकविली तर तो टिकून राहतो, आणि संगमरवराला टेकविली तर तो हळूहळू ओसरतो, हे निरीक्षण त्या विशेषणामागे होते. तेथे ‘अर्ध’ हे पद अगदी यथार्थ होते. कारण व्होल्टांना सांगावयाचे होते ते वेगाचे तारतम्यच होते.

पुढील शतकात जी निरीक्षणे झाली ती वेगळ्या जातीची होती. धातू तापविला असता त्याची संवाहकता घटते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखविले होते. मायकेल फॅराडे यांना १८३३ मध्ये रौप्य सल्फाइडात याच्या नेमके उलट आढळले : तो पदार्थ तापविला असता त्याची संवाहकता वाढत गेली. विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये सेलेनियमची संवाहकता प्रकाशाने वाढते हे जाहीर केले. फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये काही धातुसल्फाइडांच्या स्फटिकांतून विद्युत्प्रवाह एका दिशेने सुलभपणे आणि विरुद्ध दिशेने कष्टाने जातो असे दाखविले. याच गुणाचा उपयोग जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना स्फटिकाचा विद्युत्‌तरंगशोधक बनविताना केला; त्याच्या एकस्वासाठी अमेरिकेत १९०१ मध्ये अर्ज झाला आणि ते १९०४ मध्ये मिळाले.

या निरीक्षणांपैकी एकातही ‘संवाहकता किती’ हा प्रश्न प्रधान नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उष्णतेने, प्रकाशाने, प्रवाहाच्या दिशेने संवाहकता कशी पालटते, हा तेथील प्रश्न आहे. योहान केनिग्सबर्गर आणि त्यांचे सहकारी वाइस यांनी १९१०-११ च्या सुमारास जर्मन भाषेत ‘हाल्बलायटर’ ही संज्ञा आधुनिक अर्थाने रूढ केली, तेव्हा नवा आशय जुन्या शब्दात भरला गेला. व्होल्टांचा ‘अर्ध’ परिमाणवाचक होता. विसाव्या शतकातील ‘अर्ध’ एका स्वतंत्र वर्गाचे केवळ नाव झाला. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. मराठीने हा शब्द घेतला तो या अर्थांतरानंतर. पण त्याचा अर्थ लावला तो मात्र पुष्कळदा व्होल्टांच्या काळचा.

२. ‘मध्यम’ व्याख्येची परीक्षा

संवाहकता मोजण्याचे एकक सीमेन्स प्रति मीटर हे आहे. सामान्य तापमानाला तांब्याची संवाहकता या एककात सुमारे ६ कोटी भरते. काचेच्या बाबतीत दशांशचिन्हानंतर दहा किंवा त्याहूनही अधिक शून्ये लिहिल्यावर पहिला अंक येतो. अतिशुद्ध सिलिकॉनची संवाहकता ०.०००४ च्या आसपास असते, शुद्ध जर्मेनियमची सुमारे २. या आकड्यांकडे पाहताच पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, ‘अर्ध’ शब्दाचा वाच्यार्थ येथे मुळीच संभवत नाही. तांब्याच्या निम्मी संवाहकता म्हणजे ३ कोटी. लोखंडाची संवाहकता १ कोटीच्या आसपास, म्हणजे तांब्याच्या एक षष्ठांश आहे. परंतु लोखंडाला कोणी ‘षष्ठांशवाहक’ म्हणत नाही. ते निःसंशय संवाहकच आहे.

वाच्यार्थ सोडून लक्ष्यार्थ घ्यावा आणि ‘अर्ध’ म्हणजे ‘मधला’ असे मानावे, असा पक्ष येथे मांडता येईल. पाठ्यपुस्तकांतील व्याख्या याच पक्षाची आहे. तिची परीक्षा दोन अंगांनी करावी लागते : जे लक्ष्य नाही त्याला ती लागू पडते काय, आणि जे लक्ष्य आहे ते तिच्यातून निसटते काय. न्यायशास्त्राच्या भाषेत पहिला अतिव्याप्तीचा दोष आणि दुसरा अव्याप्तीचा. दुर्दैवाने येथे दोन्ही दोष संभवतात.

अतिव्याप्तीचे उदाहरण दूर शोधावयास नको. समुद्राच्या पाण्याची संवाहकता सुमारे ५ सीमेन्स प्रति मीटर आहे. ती तांब्याहून कोटी पटीने कमी आणि काचेहून अब्जावधी पटींनी अधिक आहे. शुद्ध जर्मेनियमशी तर ती जवळजवळ बरोबरी करते. तेव्हा ‘मध्यम’ व्याख्येप्रमाणे अरबी समुद्र हा एक विशाल अर्धसंवाहक ठरतो. प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यात विद्युत् वाहून नेणारे असतात ते विरघळलेल्या क्षारांचे आयन, आणि त्या वहनाबरोबर रासायनिक विघटनही होते. सिलिकॉनच्या स्फटिकातील वहनाशी त्याचे कोणतेही नाते नाही.

अव्याप्तीचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. सिलिकॉनच्या दहा लक्ष अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घातला, तर त्याची संवाहकता शुद्ध सिलिकॉनच्या मानाने दहा लक्ष पटींच्या घरात वाढते. हेच प्रमाण आणखी वाढवीत नेले तर संवाहकता १ लक्ष सीमेन्स प्रति मीटरपर्यंत जाते, म्हणजे बिस्मथ या धातूच्या संवाहकतेच्या साधारण अष्टमांशापर्यंत पोहोचते. उलट, शुद्ध सिलिकॉन पुरेसे थंड केले तर ते काचेइतकेच निरोधक बनते. एकच पदार्थ परिस्थितिभेदाने निरोधकाच्या टोकापासून धातूच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकतो. जो पदार्थ एका जागी ठरतच नाही, त्याची व्याख्या जागेवरून कशी करावयाची? संवाहकतेच्या पट्टीवर अर्धसंवाहकाला ‘मधली’ जागा देणे म्हणजे प्रवाशाची ओळख त्याच्या वाटेवरील एका मुक्कामावरून करून देणे होय.

३. तापमानाची कसोटी आणि तिची मर्यादा

मध्यमत्वाची कसोटी टिकत नाही हे मान्य करून काही ग्रंथकार दुसरी कसोटी सुचवितात : तापविले असता ज्याची संवाहकता वाढते तो अर्धसंवाहक. फॅराडे यांच्या निरीक्षणावर आधारलेली ही कसोटी पहिलीपेक्षा निश्चितच अधिक मार्मिक आहे, कारण ती परिमाण सोडून स्वभावाकडे वळते. शुद्ध सिलिकॉनच्या बाबतीत ती उत्तम लागू पडते. सामान्य तापमानाच्या आसपास दर ८ ते १० अंश सेल्सियस वाढीला त्यातील मुक्त वाहकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते.

परंतु हीही कसोटी निर्णायक नाही. समुद्राचे पाणी तापविले असता त्याची संवाहकताही वाढते. तेव्हा अतिव्याप्ती तशीच राहिली. शिवाय ज्या सिलिकॉनमध्ये परके अणू घातलेले आहेत, त्याची संवाहकता सामान्य तापमानाच्या टप्प्यात वाढत्या तापमानाबरोबर कमी होते. त्या टप्प्यात परक्या अणूंनी दिलेले वाहक सर्वच्या सर्व मोकळे झालेले असतात. संख्या स्थिर राहते आणि स्फटिकाच्या वाढत्या कंपनांमुळे त्यांच्या गतीला मात्र अडथळा होतो. व्यवहारात वापरले जाणारे बहुतेक सिलिकॉन याच जातीचे आहे. म्हणजे जो पदार्थ अर्धसंवाहकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, तोच या कसोटीला नेहमीच्या वापरात उतरत नाही.

या गोंधळातून वाट निघाली ती १९३१ मध्ये अ‍ॅलन विल्सन यांच्या सिद्धांताने. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. अनुज्ञात ऊर्जांचे पट्टे असतात आणि पट्ट्यांच्या मध्ये निषिद्ध अंतरे असतात. जो पट्टा इलेक्ट्रॉनांनी पूर्णपणे भरलेला आहे, तो प्रवाहाला काहीच हातभार लावू शकत नाही. तुडुंब भरलेल्या सभागृहात ज्याप्रमाणे कोणालाच जागा बदलता येत नाही, तसाच हा प्रकार. धातूमध्ये एखादा पट्टा अंशतः भरलेला असतो, म्हणून तेथे वहन नेहमीच शक्य असते. निरोधकात भरलेला पट्टा आणि त्यावरील रिकामा पट्टा यांमध्ये मोठे अंतर असते. आणि अर्धसंवाहकात? तेथेही रचना निरोधकासारखीच असते. केवळ अंतर लहान असते. सामान्य तापमानाला ते जर्मेनियममध्ये सुमारे ०.६६, सिलिकॉनमध्ये १.१२ आणि हिऱ्यामध्ये ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. उष्णता किंवा प्रकाश यांच्या योगे काही इलेक्ट्रॉन हे अंतर ओलांडून वरच्या पट्ट्यात जातात. खाली त्यांच्या रिकाम्या जागा, म्हणजे पोकळ्या, राहतात. आणि इलेक्ट्रॉन व पोकळ्या असे दोन्ही प्रकारचे वाहक वहनास उपलब्ध होतात.

या सिद्धांताचा संज्ञेच्या दृष्टीने जो निष्कर्ष निघतो तो महत्त्वाचा आहे. निरपेक्ष शून्य तापमानाला शुद्ध अर्धसंवाहक हा निखळ निरोधक असतो. म्हणजे शब्दाच्या घडणीवरून जो संवाहकाच्या कुळातील, एक प्रकारचा अपुरा संवाहक, वाटतो, तो सिद्धांताच्या दृष्टीने निरोधकाच्या कुळातील आहे. संवाहक आणि निरोधक ही दोन टोके आणि अर्धसंवाहक त्यांचा मध्य, अशी ही त्रयी नव्हे. धातू हा एक वर्ग. भरलेल्या व रिकाम्या पट्ट्यांत अंतर असलेले पदार्थ हा दुसरा वर्ग. आणि या दुसऱ्या वर्गातील, ज्यांचे वाहक बाह्य उपायांनी इच्छेप्रमाणे कमीअधिक करता येतात, ते अर्धसंवाहक. अंतराची मर्यादा रूढीने ३ ते ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मानली जाते. परंतु बोरॉनचे अणू घातलेला हिराही अर्धसंवाहक म्हणून वागतो, यावरून ती मर्यादा काटेकोर नाही हे दिसते. काटेकोर आहे ते वाहकांचे नियंत्रणसुलभत्व. १९४७ च्या डिसेंबरात जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध झाला तो त्याची संवाहकता मध्यम होती म्हणून नव्हे, ती हवी तशी पालटता येत होती म्हणून.

४. ‘अर्ध’ या पदाचा विचार

संकल्पना अशी असताना ‘अर्ध’ हे पद ठेवावे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या पदाची भाषेतील गती पाहणे इष्ट आहे.

संस्कृत व्याकरणात समान दोन भागांपैकी एक अशा अर्थाचे ‘अर्ध’ नपुंसकलिंगी मानलेले आहे, आणि त्याच्या समासाची स्वतंत्र व्यवस्था पाणिनीने सांगितली आहे. त्या रीतीने ‘अर्धवाहक’ याचा विग्रह ‘वाहकाचा अर्धा भाग’ असा होईल, जो येथे अर्थातच अभिप्रेत नाही. अर्धोक्त, अर्धोन्मीलित यांसारख्या शब्दांत मात्र ‘अर्ध’ क्रियाविशेषणासारखे येते आणि अपुरेपणा दाखविते. ‘अर्धवाहक’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा होय. मराठीत या जातीला एक हीनत्वाची छटाही चिकटली आहे. अर्धवट, अर्धपोटी, अर्धकच्चा हे शब्द काहीतरी उणे असल्याचेच सांगतात. विद्यार्थ्याच्या मनात अर्धसंवाहक हा ‘धड ना संवाहक, धड ना निरोधक’ असा ओशाळवाणा पदार्थ म्हणून ठसतो, याचे मूळ बव्हंशी येथे आहे.

अंशतः या अर्थी मराठीने फारसीतून ‘निम’ हे उपपदही घेतले आहे. निमसरकारी संस्था म्हणजे निम्मी सरकारी संस्था नव्हे. सरकारशी विशिष्ट प्रकारे संबद्ध अशी ती एक वेगळीच संस्था असते. याउलट अर्धवार्षिक परीक्षा वर्षाच्या मध्यावरच होते. त्यामुळे ‘निमसंवाहक’ असा शब्द कोणी सुचविला असता तर तो कदाचित अधिक निरुपद्रवी ठरला असता. परंतु रूढ झालेली संज्ञा केवळ सूक्ष्म छटेसाठी मोडणे शहाणपणाचे नाही.

शिवाय भाषेतच अशी उदाहरणे आहेत की, जेथे ‘अर्ध’ हे पद नावापुरतेच राहिले आणि त्याने काही बिघडले नाही. अर्धमागधी हे भाषेचे नाव घ्यावे. काहींच्या मते ती अर्ध्या मगधदेशाची भाषा, काहींच्या मते मागधीची काही लक्षणे धारण करणारी भाषा. परंतु अर्धमागधीचा अभ्यासक तिचे स्वरूप नावावरून ठरवीत नाही, जैन आगमांतील प्रत्यक्ष भाषेवरून ठरवितो. त्याहून समर्पक उदाहरण अर्धस्वराचे. य, र, ल, व हे अर्धस्वर म्हणजे अर्ध्या मात्रेचे स्वर नव्हेत. स्वर व व्यंजने यांच्या मधले म्हणून त्यांना अंतःस्थ असेही म्हटले जाते. तरीही त्यांचा विशेष त्या मधल्या स्थानात नाही. इति आणि आदि यांच्या संधीने ‘इत्यादि’ होताना इकाराचा यकार होतो, म्हणजे विशिष्ट परिस्थितीत स्वराच्या जागी व्यंजन येऊ शकते, हा त्यांचा स्वभाव व्याकरणकाराला महत्त्वाचा वाटतो. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला अर्धस्वराची व्याख्या ‘स्वराहून कमी, व्यंजनाहून अधिक’ अशी शिकविली तर ती जितकी अपुरी होईल, तितकीच अर्धसंवाहकाची प्रचलित व्याख्या अपुरी आहे. तात्पर्य, दोष ‘अर्ध’ या पदाचा नाही. त्या पदालाच व्याख्या समजण्याचा आहे.

५. वाहक, चालक, संवाहक

‘अर्ध’ ठेवता येत असले तरी उत्तरपदाचा प्रश्न वेगळा आहे. हिंदीत ‘अर्धचालक’ हा शब्द स्थिर झाला आहे. मराठीला तो मानवणारा नाही. राज्य परिवहनाच्या गाडीत चालक आणि वाहक असे दोन वेगळे सेवक असतात हे महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. ‘चालक’ म्हणजे चालविणारा. विद्युत्‌भाराला चालना देते ते विद्युत्‌क्षेत्र, तार नव्हे. तार केवळ वाट देते. या दृष्टीने मराठीने चालकाऐवजी वाहकाची निवड केली ती अर्थदृष्ट्या योग्यच होती.

तथापि ‘वाहक’ या शब्दात एक अडचण आहे आणि ती पदव्युत्तर पातळीवरच जाणवते. शालेय पातळीवर वाहक म्हणजे तांबे, चांदी, अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे पदार्थ. विल्सन यांच्या सिद्धांतानंतर मात्र चर्चेचा केंद्रबिंदू पदार्थावरून भार वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडे व पोकळ्यांकडे सरकला. त्यांनाही मराठीत ‘वाहक’ याखेरीज दुसरा सहज शब्द नाही. रोगवाहक, संदेशवाहक यांसारख्या शब्दांत हाच अर्थ आहे. परिणामी ‘अर्धवाहकातील वाहकांची संख्या वाढली की तो चांगला वाहक बनतो’ असे वाक्य लिहिण्याचा प्रसंग येतो, आणि एकाच वाक्यात एक शब्द दोन अर्थांनी वावरतो. बहुसंख्य वाहक, अल्पसंख्य वाहक, वाहकांची गतिशीलता अशा ज्या संज्ञांवाचून या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही, त्यांत हा संदेह सारखा डोकावतो.

विश्वकोशाने स्वीकारलेला ‘संवाहक’ शब्द ही अडचण दूर करतो. वाट देणारा पदार्थ तो संवाहक आणि वाहून नेणारा कण तो वाहक, असा भेद पाळला तर वरील वाक्य ‘अर्धसंवाहकातील वाहकांची संख्या वाढली की तो चांगला संवाहक बनतो’ असे निःसंदिग्ध होते. पदार्थाच्या गुणाला संवाहकता आणि क्रियेला संवहन, ही साधित रूपेही त्यातून सरळ निघतात. एका उपसर्गाने एवढे काम होत असेल तर तो उपसर्ग भारभूत मानण्याचे कारण नाही.

या शब्दावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, संस्कृतात संवाहन म्हणजे अंग चेपणे, आणि मृच्छकटिकातील संवाहक हे पात्र अंग चेपण्याचाच व्यवसाय करणारे आहे. हा आक्षेप चमत्कृतिजनक असला तरी गंभीर नाही. संदर्भ इतके भिन्न आहेत की, प्रत्यक्ष घोटाळ्याचा संभव उरत नाही. आणि जुन्या शब्दाला नव्या शास्त्रात नवा अर्थ मिळणे ही परिभाषेची नेहमीची रीत आहे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. हिंदीत ‘संवहन’ हा शब्द उष्णतेच्या संदर्भात द्रवातील वा वायूतील प्रवाहांनी होणाऱ्या संक्रमणाला योजतात, ज्याला मराठी शालेय पुस्तके ‘अभिसरण’ म्हणतात. दोन्ही भाषांतील साहित्य वाचणाऱ्या अभ्यासकाची येथे फसगत होऊ शकते. परंतु हा दोष संज्ञेचा नाही. दोन भगिनीभाषांनी एक शब्द दोन अर्थांनी घेतला, इतकेच. शब्दकोशातील एका नोंदीने त्याचे निवारण होईल. वाहक शब्दाचा आंतरिक संदेह मात्र कोणत्याही नोंदीने निवारता येत नाही, कारण तो प्रत्येक वाक्यात नव्याने उद्भवतो.

‘अर्धवाहक’ शब्दाच्या बाजूने जे खरोखर सांगण्यासारखे आहे ते त्याचे लाघव आणि शालेय पुस्तकांमुळे मिळालेला प्रसार. ज्या पातळीवर कणरूप वाहकांचा उल्लेखच येत नाही, त्या पातळीवर तो शब्द चालू राहिल्याने हानी नाही. प्रश्न वरच्या पातळीचा आहे.

६. संज्ञेचा आजचा उपयोग

वृत्तपत्रीय मराठीत ‘सेमीकंडक्टर’ हा शब्द आता तिसऱ्याच अर्थाने रुळला आहे. केंद्र शासनाने २०२१ च्या डिसेंबरात ७६,००० कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमास मान्यता दिली. तेव्हापासून कारखाने, गुंतवणूक आणि तुटवडा यांच्या बातम्यांतून हा शब्द जवळजवळ दररोज वाचकाच्या दृष्टीस पडतो. तेथे त्याचा अर्थ पदार्थ असा नसून त्या पदार्थापासून बनविलेली चिप असा असतो, आणि कधी तो संपूर्ण उद्योगाचाच वाचक असतो. द्रव्यवाचक शब्दाने द्रव्यनिर्मित वस्तूचा बोध होणे ही लक्षणेची प्रसिद्ध रीत असून इंग्रजीतही ती आहे. तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु यामुळे मराठी वाचकाच्या मनात दोन शब्द दोन कप्प्यांत पडतात. शाळेत शिकलेला अर्धवाहक हा परीक्षेतील एका ओळीच्या उत्तराचा विषय, आणि सेमीकंडक्टर हा राष्ट्रीय महत्त्वाच्या उद्योगाचा. हे दोन्ही एकच आहेत याची जाणीव शब्द करून देत नाहीत.

याहून खोल असे एक कारण आहे. महाराष्ट्रात विज्ञानशाखेचे उच्च माध्यमिक व विद्यापीठीय शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. पट्ट्यांचा सिद्धांत, पोकळीची कल्पना, वाहकांचे नियंत्रण या गोष्टी विद्यार्थ्याला प्रथम भेटतात त्या इंग्रजीत. मराठीत त्याला भेटलेली असते ती केवळ ‘मध्यम संवाहकते’ची व्याख्या. यामुळे होते असे की, संकल्पना इंग्रजीत वाढते आणि मराठी शब्द बालपणीच्याच अर्थात अडकून पडतो. पुढे त्याच विद्यार्थ्याने मराठीत लिहावयाचे ठरविले तर हाताशी असलेला शब्द त्याला उणा वाटतो, आणि तो मराठी भाषा या विषयाला असमर्थ आहे असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः असमर्थ असते ती भाषा नव्हे. शब्दाबरोबर दिलेली आणि पुढे कधीच न दुरुस्त केलेली व्याख्या असमर्थ असते. इंग्रजी शब्दाच्या अंगीही तोच ‘अर्ध’ आहे, हे येथे विसरता कामा नये. इंग्रजी वाचकाला त्याची अडचण भासत नाही, याचे कारण तो शब्द त्याच्यासमोर प्रगत आशयासह वारंवार येतो. संज्ञेला अर्थ प्राप्त होतो तो तिच्या व्युत्पत्तीने नव्हे, तिच्या सततच्या उपयोगाने.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : ‘अर्ध’ हे पद ऐतिहासिक कारणांनी आलेले असून ते राखण्यास प्रत्यवाय नाही, मात्र त्यावरून व्याख्या करू नये. दुसरी : पदव्युत्तर लेखनात पदार्थासाठी ‘संवाहक’ व ‘अर्धसंवाहक’ आणि कणासाठी ‘वाहक’ असा भेद कटाक्षाने पाळावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : व्याख्या बदलावी. ज्या घन पदार्थात भरलेला पट्टा आणि त्यावरील रिकामा पट्टा यांमधील ऊर्जेचे अंतर असे असते की, उष्णता, प्रकाश, विद्युत्‌क्षेत्र किंवा अल्प प्रमाणात घातलेले परके अणू यांच्या योगे त्यातील वाहकांची संख्या फार मोठ्या मर्यादेत कमीअधिक करता येते, तो अर्धसंवाहक. अशी व्याख्या स्थूलमानाने पुरेशी होईल. शालेय पातळीवर एवढे सांगणे जड वाटल्यास ‘ज्या घन पदार्थाची संवाहकता परिस्थितीप्रमाणे फार मोठ्या प्रमाणात बदलता येते तो अर्धसंवाहक’ इतके म्हटले तरी चालेल. ते अपुरे असेल, पण चुकीच्या दिशेचे नसेल; पुढे शिकावयाच्या गोष्टीला त्यात जागा राहील.

परिभाषेवरील वाद मराठीत बहुधा शब्दांच्या निवडीवर होतात : संस्कृत की देशी, बोजड की सुटसुटीत, पर्याय की मूळ इंग्रजी. अर्धसंवाहकाचे उदाहरण असे दाखविते की, निवडीइतकेच, किंबहुना निवडीपेक्षाही अधिक, महत्त्व शब्दाला सोपविलेल्या अर्थाला आहे. चांगला शब्द वाईट व्याख्येने निकामी होतो. सदोष शब्दही योग्य व्याख्येने आणि सातत्याच्या वापराने निर्दोष काम देतो. ‘अर्धसंवाहक’ हा शब्द मराठीजवळ आहेच. त्याला त्याचा पूर्ण अर्थ देण्याचे काम वर्गांतून आणि ग्रंथांतून व्हावयाचे राहिले आहे.